पांदेलेची वाट उकरणारी कोंबडी

पांदेलेला मातीत ठेवलं त्या दिवशी त्याच्या बायकोनं, झामफिरानं, खड्ड्याच्या पलीकडून एक कोंबडी माझ्या हातात दिली, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला जो ताप लागला तो चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी उतरला.

आमच्या गावचा हा रिवाजच आहे. पेटी खाली सोडली की घरातली बाई खड्ड्यावरून जिवंत कोंबडी पलीकडे देते. घेणारी म्हणते, 'देव त्याला क्षमा करो,' आणि कोंबडी तिची होते. मेलेल्याची पुढची वाट काट्याकुट्यांची असते. ही कोंबडी त्याच्या पुढं चालते, पायांनी उकरत उकरत वाट मोकळी करते, आणि तो तिच्या मागून जातो. आता माझ्या अंगणातली कोंबडी त्याच वेळी तिथंही कशी असते, ते मला विचारू नका. मी उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात घेवड्याचं कालवण ढवळलंय, धर्मशास्त्र नाही शिकले. पण एवढं लहानपणापासून माहीत आहे, की मेलेल्याची वाट चाळिसाव्या दिवशी संपते, आणि तो चाळिसावा होईपर्यंत ती कोंबडी कापायची नाही आणि ज्यांनी दिली त्यांनी परत मागायची नाही.

झामफिरानं ती मलाच दिली, कारण पांदेले आणि मी कुंपणाच्या दोन बाजूंनी जन्मभर भांडलो, आणि भांडलो ते कोंबड्यांवरूनच. माझ्या कोंबड्या त्याच्या कांद्याच्या रोपांत शिरायच्या. मग तो फावडं घेऊन उभा राहायचा आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्याच्या घरी कधी कोंबडी पाळली नाही. उकरणारं जनावर त्याला डोळ्यांसमोर नको असायचं. आणि आता त्याला कोंबडीच्याच मागून चालायचं होतं. खड्ड्यापाशी हे मनात आलं आणि मला हसू फुटलं. ते मी रुमालात दाबलं. लोकांना वाटलं, अग्लाया रडतेय.

कोंबडी टॉवेलात गुंडाळलेली होती, वर रिवाजाप्रमाणे मेणबत्ती खोचलेली. हातात घेतली तेव्हाच मला शंका आली. कोंबडी धरली की धडपडते, ओरडते, निदान तुमच्या चांगल्या कोटावर शिटते तरी. ही गप्प होती. वजन म्हणाल तर नुसता टॉवेलच धरल्यासारखं.

घरी येऊन मी टॉवेल उलगडला आणि कपाळाला हात लावला. गळा उघडा, पाठ उघडी, शेपटीच्या जागी चार काड्या. तुरा पांढराफटक पडून एका डोळ्यावर लोळलेला. नखं वाढून वळलेली. जमिनीवर ठेवली तर ती उभी राहिली नाही, जशी ठेवली तशी बसली. खरं सांगायचं तर मी तिला बघितल्याबरोबर मनातल्या मनात चाळिसावा वगैरे विसरून सूप करून टाकलं होतं, आणि तेही पाणचट झालं असतं.

तेवढ्यात झामफिरा आली. हातात कोलिवाची ताटली होती. आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं गहू शिजवून त्यात साखर आणि अक्रोड घालतात, तो कोलिवा.

"अक्का, कशी आहे ती?"

"कोण?"

"ती. पांदेलेची."

मी बाजूला झाले. झामफिरानं बघितलं आणि ताटली टेबलावर ठेवायच्या ऐवजी छातीशी धरली.

"ही आणलीस कुठून?" मी विचारलं.

"साबिननं आणली, शहरातून." साबिन म्हणजे तिचा जावई. "मला कुठं काय सुचत होतं? म्हटलं एक कोंबडी बघ, तर टॉवेलात गुंडाळूनच घेऊन आला. मी उलगडूनसुद्धा बघितली नाही."

"ही अंड्यांच्या कारखान्यातली आहे. पिंजऱ्यातली. अंडी कमी झाली की असल्या गाडीभर काढून विकतात. हिनं जन्मात माती बघितलेली नाही, झामफिरा. तारेवर उभी राहिली आणि तारेवरच म्हातारी झाली. ही नखं बघ."

झामफिरानं नखं बघितली. मग ती माझ्या स्टुलावर बसली.

"मग ही उकरणार कशी?"

मी कोंबडीचा टॉवेल घडी करायला घेतला.

"अक्का, ती उकरणार कशी? तो तिच्या मागं उभा असेल ना. म्हणजे मी त्याला वाटेतच उभं करून ठेवलं. काट्यांत. आणि त्याचे पाय आधीच दुखायचे."

झामफिरा अशी बाई नाही, की जी उगाच गळा काढेल. पांदेले गेला तेव्हाही तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, आणि गावातल्या बायकांनी त्यावरून चर्चच्या पायरीवर बरंच तोंडसुख घेतलं होतं. आत्ताही ती रडत नव्हती. पण तिचा चेहरा असा झाला होता, की मला कोंबडीपेक्षा तिचीच काळजी वाटायला लागली.

"असं कर," मी म्हटलं, "माझी लाल कोंबडी त्याच्या नावानं समज. ती रस्ता काय, दगडी फरशी उकरेल."

"खड्ड्यावरून ही गेली. लाल नाही गेली."

"मग हिला तुझ्या घरी ने. तूच कर हिचं."

"दिलेलं परत नेऊ?"

मग मी उठले. चुलीशेजारी लाकडी खोकं ठेवलं, त्यात गवत घातलं आणि कोंबडी त्यात बसवली. कोमट पाण्यात साखर विरघळवून चमच्यानं थेंब थेंब तिच्या चोचीच्या कडेला सोडलं. बऱ्याच वेळानं तिनं एकदा गिळलं. झामफिरानंही तिच्याबरोबर गिळलं. मग मी सरपण आणायला बाहेर गेले, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं.

सकाळी कोंबडीच्या गळ्याखाली, अन्न साठवायची पिशवी असते तिथं, दगडासारखा गोळा. मान वाकडी, चोच उघडी. झामफिरा उजाडल्या उजाडल्या हजर होतीच.

"काल हिला काय घातलंस?"

"काही नाही."

"झामफिरा."

"थोडा कोलिवा. म्हटलं, त्याच्याच नावाचा गहू आहे, हिला लागू पडेल."

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. जिनं जन्मभर भुकटी खाल्ली, जिच्या पोटातल्या पथरीत दाणे दळायला एक खडा नाही, तिला हिनं अक्रोड घातलेला गहू भरवला होता. पण बोलून झाल्यावर मी झामफिराकडे बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. तिच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं. मेलेल्याच्या नावाचं अन्न वाईट कसं करेल, असंच आम्ही सगळ्या म्हणालो असतो.

तेलाचे थेंब चोचीत सोडायचे, तिला उभी धरायची आणि बोटांनी तो गोळा हळूहळू चोळायचा. जोरात नाही, पीठ मळतो तसं. थोडा वेळ चोळलं की तिला दम खायला सोडायचं, मग परत. झामफिरानं तिला मांडीवर धरलं आणि मी चोळलं. पांदेलेच्या नावाचा सगळा गहू मी बोटांनी दळला म्हणा ना. तो दिवस गेला, दुसराही तसाच गेला. झामफिरा कोंबडीला धरून तिच्याशी बोलत बसायची, आणि बोलायची ते नवऱ्याशी.

"थोडं थांब आता. उभं राहायला काय होतंय? डॉक्टरकडे ने म्हटलं तर नाही आलास. लवकर गेलास, आता थांब."

दुसऱ्या संध्याकाळी गोळा मऊ लागला. तिसऱ्या दिवशी खोक्यातल्या गवतावर हिरवट, ओली, भली मोठी शीट पडलेली होती. झामफिरानं मला हात धरून नेलं आणि दाखवली. कोंबडीच्या घाणीवर इतकं खूश झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझाही जीव भांड्यात पडला, पण मी तिला तसं दाखवलं नाही.

"आता तिला फक्त मी खायला घालणार," मी सांगितलं. "तू बघत बसायचं."

मक्याच्या पिठाची पातळ पेज, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक आणि वाफवून बारीक चिरलेली आमच्याकडची खाजकुयलीसारखी चावरी भाजी, जी वसंतात कुंपणाकडेला फुकट उगवते. जोडीला वाटीभर दही. पुढच्या आठवड्यात नदीवरची जाड वाळू. नखं मी द्राक्षाच्या वेलींच्या कात्रीनं थोडी थोडी कापली. एका टोपलीत चुलीतली राख आणि वाळू मिसळून तिला त्यात बसवलं, तर ती अशी चकित होऊन बसून राहिली, की जणू कुणीतरी तिला चुकून चर्चमध्ये पुढच्या बाकावर नेऊन बसवलंय. मग हळूच एक पंख हलवला, मग दुसरा. शेवटी राख माझ्या धुतलेल्या पडद्यांपर्यंत उडाली. पाठीवर निळसर काटे आले, म्हणजे पिसांची सुरुवात. तुरा आधी गुलाबी झाला, मग लाल. एका सकाळी तिनं अंडंसुद्धा घातलं, पातळ कवचाचं, हातात घेतल्या घेतल्या फुटलं.

झामफिरा रोज यायची. पण ह्या सगळ्याचं तिला फारसं कौतुक नव्हतं. कुंपणाच्या फटीतून आत येता येताच ती विचारायची, "उकरलं?"

"नाही."

ती मान हलवायची आणि स्टुलावर बसायची.

मधेच ती फादर लेओन्तेंना विचारून आली. फादर म्हणाले, चर्चच्या विधींच्या एकाही पुस्तकात कोंबडी नाही, झामफिरा, तू प्रार्थना कर. ती घरी येऊन प्रार्थना करत बसली. पुढच्या रविवारी मी मेणबत्ती घ्यायला रांगेत उभी होते, तर फादर माझ्याजवळून जाता जाता हळूच म्हणाले, "उकरते का?" मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

कोंबडी आता दणकट झाली होती. अंगणात सोडली की धावायची, माझ्या हातातून खायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन मला हाका मारायची. पण माती तिला कळायचीच नाही. मी जिथं ठेवीन तिथं ती उभी राहायची आणि पायांखाली बघायची, हे खाली पडत कसं नाही, अशा नजरेनं. माझ्या बाकीच्या कोंबड्या तिला टोचायच्या. गांडूळ समोर टाकलं तर उचलायची, पण मातीत अर्धं गाडलेलं असलं तर त्याच्याकडे नुसती बघत राहायची.

मग आम्ही तिला शिकवायला घेतलं. कल्पना झामफिराची. तिनं प्लमच्या झाडाखाली गुडघे टेकले आणि बोटांनी माती उकरून दाखवली. कोंबडीनं झामफिराची अंगठी टोचली. मी म्हटलं, हातानं कसं कळेल तिला, तिला काय हात आहेत? म्हणून आम्ही दोघी उभ्या राहिलो आणि बुटांनी माती मागं फेकायला लागलो. एक पाय, दुसरा पाय, मागं सरकायचं, खाली वाकून बघायचं. कोंबडी समोर उभी राहून मान वाकडी करून बघत होती. नेमका तेव्हाच साबिन फाटकातून आत आला.

"मावशी, हे काय चाललंय?"

"शाळा," मी म्हटलं.

साबिन चाळिसाव्याच्या जेवणाची बाकं कुठं मांडायची ते बघायला आला होता. सगळं कळल्यावर तो लालबुंद झाला. "आई, मी दुसरी आणतो ना. चांगली गावठी आणतो."

"तू काही आणू नकोस," झामफिरा म्हणाली. "एक आणलीस ती पुरे झाली."

"मला काय माहीत की कोंबडीला उकरता येत नसेल? कोंबडी म्हणजे कोंबडी."

पोरगा अगदीच चुकीचं बोलत नव्हता. सासऱ्याची पेटी, खड्डा खणणारे, पाहुण्यांची जेवणं, सगळं त्यानं एकट्यानं निभावलं होतं, आणि त्या गडबडीत बाजाराच्या कोपऱ्यावर जी पहिली कोंबडी दिसली ती उचलली होती. मी तसं म्हणाले. थोड्या वेळानं झामफिरानं त्याला विचारलं, जेवलास का. साबिननं मग कोट काढला आणि प्लमखालची सगळी जमीन फावड्यानं उलटीपालटी करून भुसभुशीत करून दिली. कोंबडी त्या मऊ मातीत पोटापर्यंत रुतून बसली आणि तिथंच डुलकी काढली.

चाळिसावा जवळ येत चालला तशी झामफिरा खायची बंद झाली. रात्री झोप नाही म्हणायची. एकदा मी चिडून म्हटलं, "पांदेलेसारखा माणूस कोंबडीवाचून अडून बसेल होय? काटे दिसले तर शिव्या घालत स्वतःच उपटत जाईल." तिला क्षणभर हसू आलं. मग म्हणाली, "फावडं नाही ना दिलं त्याच्याबरोबर."

माझी करडी कोंबडी खुडूक होऊन कोठाराच्या मागं अंड्यांवर बसली होती. मे महिन्यात ती पिलं घेऊन बाहेर पडली. करडी म्हणजे साक्षात पोलीस. पिलांच्या जवळ मांजर नाही, लाल कोंबडी नाही, मीसुद्धा नाही. पण पांदेलेची कोंबडी तिच्या मागून चालायला लागली, आणि काय कुणास ठाऊक, करडीनं तिला हाकललं नाही. एकदोनदा टोचलं आणि सोडून दिलं. एक तर ती मोठं पिल्लू वाटली असेल, नाहीतर बिनकामाची मोलकरीण. करडी उकरायची, पिलं धावायची, आणि पिलांच्या मागून ही, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत उशिरा पोचणारी.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघराबाहेरच्या बाकावर बसलो होतो. मधे खिमा-तांदळाचं पातेलं आणि खारवलेल्या कोबीच्या पानांचा ढीग. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव जेवायला येणार होतं, म्हणून सारमाले गुंडाळत होतो. झामफिराचं तोंड अंगणाकडे होतं. तिनं त्या दिवशी कोंबडीबद्दल विचारलंच नव्हतं. माझ्या मनात होतं, की उद्या फादरांनाच सांगावं, तिच्याशी दोन शब्द बोला, नाहीतर ही बाई अंथरूण धरेल.

"अक्का," झामफिरा म्हणाली.

"काय?"

"बघ."

करडी पिलांना घेऊन पुढं गेली होती. दोनतीन पिलं मात्र प्लमखाली मागं राहिली होती, आणि ती पांदेलेच्या कोंबडीच्या पायांशी उभी राहून चिवचिवत होती. कोंबडीनं खाली बघितलं. उजवा पाय उचलला, मातीवरून मागं ओढला, आणि तोल जाऊन जवळजवळ पडली. पंख पसरून सावरली. जरा विचार केला. मग डावा. मग पुन्हा उजवा, डावा, एक पाऊल मागं, आणि मान वाकवून बघितलं. एका पिलानं झडप घालून तिथनं काहीतरी उचललं आणि पळालं. तिनं पुन्हा उकरलं, ह्या वेळी इतक्या जोरात की दुसऱ्या पिलाच्या अंगावर माती उडाली.

मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. हातातलं पान तसंच पातेल्यात पडलं. "उकरतेय गं," मी म्हटलं, "बघ की, उकरतेय," आणि झामफिराकडे वळले. मला वाटलं, ती हसत असेल.

झामफिरा रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी गालांवरून हनुवटीवर आणि तिथून कोबीच्या पानांवर. हात खिम्यानं भरलेले, म्हणून पुसताही येत नव्हतं.

"गेला," ती म्हणाली.

"हो. मोकळी झाली वाट."

"मला हेच हवं होतं ना?"

"हेच हवं होतं."

"ती उकरत नव्हती ना अक्का, तोवर मला वाटायचं, हा अजून इथंच कुठंतरी जवळ उभा आहे. खोळंबलेला. माझ्या नावानं बोटं मोडत, पण उभा. सकाळी उठले की आधी तेच मनात यायचं, की अजून नाही गेला. मी रोज विचारायचे तुला, उकरलं का. तू नाही म्हणालीस की घाबरायचे. आणि घरी जाता जाता मला बरं वाटायचं. असं कुणी करतं का स्वतःच्या माणसाला?"

"करतं," मी म्हटलं. माझा माणूस जाऊन खूप वर्षं झाली, तरी मी हे कुणाला कधी बोलले नव्हते. "सगळ्याच करतात. कुणी सांगत नाही."

मी माझ्या कोपरानं तिचे गाल पुसले, कारण माझेही हात भरलेले होते. ती हसली आणि पुन्हा रडली. मी तिला गप्प केलं नाही. इतके दिवस साठलेलं होतं, ते बाहेर पडत होतं, आणि मला खरंच त्याचं बरं वाटत होतं.

ऊन उतरलं. करडी पिलांना घेऊन कोठाराकडे निघाली, ती मागं राहिलेली पिलंही तिच्याकडे धावली, लाल आणि बाकीच्या आपापल्या वेळेला खुराड्यात शिरल्या. पांदेलेची कोंबडी एकटीच झाडाखाली राहिली. आता तिला थांबवतंय कोण. एक पाय, दुसरा पाय, मागं सरकायचं, बघायचं, आणि पुन्हा. मी हात धुतले आणि तिला उचलून खुराड्यात घालायला उठले, कारण आमच्याकडे अंधारात कोल्हा येतो.

"राहू दे तिला," झामफिरा म्हणाली. "अजून उजेड आहे. जेवढी वाट होतेय तेवढी होऊ दे."

मी पुन्हा तिच्या शेजारी बसले.